जवसाचा वास

नागपूरच्या इतवारीतल्या भांड्यांच्या बाजारात बॅले शिकवतात, हे इतवारीतल्या माणसांनाही पटत नाही. बॅले म्हणजे नॉनस्टिकमधलं काहीतरी नवीन निघालं असावं, असं त्यांना वाटतं. पण गिरिधर शेठच्या दुकानाच्या बाजूनं जो लाकडी जिना वर जातो, तो चढून गेलं की एक लांबलचक हॉल लागतो. पूर्वी तिथे भांड्यांचं गोदाम होतं. आता एका भिंतीला कुठल्याशा बंद पडलेल्या सलूनचे आरसे आहेत, दुसऱ्या भिंतीला नळाच्या पाइपाचा कठडा ठोकलाय आणि दोन कूलर आहेत, त्यातला एक फक्त आवाज करतो. त्या कठड्याला बॅलेत बार म्हणतात. त्यामुळे इथल्या मुलींच्या बापांनी पाहुण्यांना सगळं सांगावं, फक्त ‘पोरगी संध्याकाळी बारवर असते’ एवढं सांगू नये, असा इथला जुना विनोद आहे.

वर्ग चालवते भैरवी. दिवसा ती सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत फायली सरकवते आणि संध्याकाळी इथे मुलींचे गुडघे सरळ करते. पंचेचाळिशी ओलांडली आहे, लग्न केलेलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणारे सगळे आता थकून गप्प बसले आहेत. मात्र हा वर्ग आपला आहे असं ती कधी म्हणत नाही. वर्ग यमुताईंचा. यमुताई दोन वर्षांपूर्वी गेल्या, तरी पालक अजून फोनवर ‘यमुताईंचा क्लास ना?’ असंच विचारतात आणि भैरवी ‘हो’ म्हणते.

यमुताई म्हणजे गिरिधर शेठची बायको. माहेर अजनीच्या रेल्वे क्वार्टर्समधलं. शेजारी एका अँग्लो-इंडियन गार्डची बायको राहायची आणि आपल्या व्हरांड्यात कॉलनीतल्या पोरींना बॅले शिकवायची. फ्रेंच शब्द आधी त्या बाईच्या तोंडात वाकडे झाले, मग यमुताईंच्या कानात, आणि तसेच वाकडे इतवारीत येऊन स्थिरावले. पाय पुढे ताणून बोटं जमिनीला टेकवतात त्याला सगळं जग तांद्यू म्हणतं. इथे तेंदू म्हणतात. गोंदियाकडून आलेल्या एका मुलीनं पहिल्याच दिवशी ‘ताई, विडीची पानं कुठं आहेत?’ म्हणून विचारलं होतं, तेव्हा यमुताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या होत्या.

त्या लंगडायच्या. उजवा घोटा कधी काळी मोडला होता, जिन्यावरून पडल्या असं सगळे सांगत. स्वतः कधी नाचून दाखवत नसत. हातांनी पाय दाखवायच्या, पंजे म्हणजे पावलं, आणि त्या पंजांकडे पाहून नागपुरातल्या कितीतरी पोरी उड्या मारायला शिकल्या.

आणि एक नमस्कार होता. वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येक मुलगी खाली बसायची, तळहात जमिनीवरून फिरवायची, तो चेहऱ्याजवळ न्यायची आणि मग उठून उभी राहायची. पालक यावर बेहद्द खूश असत. नाच विलायती असला तरी संस्कार आपले आहेत, असं प्रत्येक स्नेहसंमेलनात कोणीतरी माइकवरून बोलायचंच. यमुताईंनी हा नमस्कार कोणाला शिकवला नव्हता. त्या करत, म्हणून मुली करत. मुली एकदा करायच्या; यमुताई मात्र दुखरा पाय ओढत हॉलमध्ये चार ठिकाणी करायच्या आणि खिडकीजवळ सगळ्यात जास्त वेळ.

या उन्हाळ्यात भैरवीच्या जिवाला घोर होता तो भूमिकाचा. भूमिका काटोलची. बाप सुशील संत्र्याच्या बागेतला माणूस. त्याला बॅलेतलं ओ की ठो कळत नाही, पण पोरीला बसमध्ये बसवून द्यायला तो कधी चुकला नाही. मुंबईत एक संस्था आहे, निवडलेल्या मुलींना ठेवून घेते, राहायला देते, नर्तकी करून सोडते. संस्थेची निवड जूनमध्ये होती. वयाची अट अशी की भूमिकाला ही शेवटची संधी. यंदा हुकलं तर पुढे बी.कॉम., मग स्थळं. सुशीलनं हे अगदी सरळ सांगून ठेवलं होतं, आणि त्यात त्याची काही चूकही नव्हती.

भैरवीला या गोष्टीची टोचणी जरा जास्तच होती. एकोणिसाव्या वर्षी ती स्वतः मुंबईला अशाच निवडीला गेली होती. परीक्षकबाईंनी म्हटलं होतं, तू छान आहेस, पण स्वतःला राखून ठेवतेस. भैरवी रडत परत आली. यमुताईंनी तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि एकच प्रश्न विचारला होता, “तिथली जमीन कशी होती वं?” बाई धंद्याचं विचारताहेत असं तेव्हा भैरवीला वाटलं.

एप्रिलमध्ये तिनं मुंबईहून अनिशला दोन दिवसांसाठी बोलावलं. अनिश तरुण, परदेशात शिकून आलेला, स्वभावानं गरीब. त्यानं मुलींना घाम फुटेपर्यंत नाचवलं आणि शेवटी चहा पिताना भैरवीला बाजूला घेतलं. त्यानं मुलींचं मनापासून कौतुक केलं. भूमिकासारखे पाय त्यानं मुंबईतही फार पाहिले नव्हते. पण तिची निवड होणार नाही, हेही त्यानं सांगून टाकलं.

“वर जाते तेव्हा सुंदर जाते,” तो म्हणाला. “खाली येताना घाबरते. खाली काय असेल याची खात्रीच नसल्यासारखी. एकटीच अशी असती तर म्हटलं असतं, स्वभाव आहे. पण तुमच्या सगळ्याच मुली अशा उतरतात. सात वर्षांच्या पोरीपासून.”

स्वतःला राखून ठेवतेस, हे भैरवीनं एकोणिसाव्या वर्षी ऐकलं होतं. अनिश जरा संकोचून पुढे म्हणाला, “आणि त्या हाताचा वास का घेतात?”

तिला हसू आलं. तिनं समजावलं की तो वास घेणं नाही, जमिनीला नमस्कार आहे, आपल्याकडे पद्धत असते.

“नमस्काराचा हात कपाळाला जातो ना, ताई?” अनिश म्हणाला. “यांचा नाकाला जातो.”

तो संध्याकाळच्या गाडीनं गेला आणि हे एवढं वाक्य मागे ठेवून गेला. भैरवी रागावली. दोन दिवस आलेल्या माणसानं आमच्या नमस्काराला नाक-कपाळ सांगावं, याचा तिला खरंच राग आला. पण पुढच्या वर्गात ती मुलींच्या मागे न थांबता पुढे जाऊन उभी राहिली आणि तिनं पाहिलं. हात खाली गेले, फिरले, वर आले, आणि झाडून सगळ्या पोरींच्या नाकपुड्या हलल्या. इतकी वर्षं ती त्यांच्या पाठीकडून बघत आली होती.

पहिल्या ओळीत वेदिका होती, सगळ्यात लहान. यमुताई गेल्यानंतर वर्गात आलेली. तिनं यमुताईंचा हार घातलेला फोटो पाहिला होता, बस. भैरवीनं तिच्यासमोर बसून सहज विचारल्यासारखं विचारलं की बाळा, कसला वास घेऊन राहिलीस?

“कसलाच नाही येत,” वेदिका म्हणाली. “नाही आला की मग नाचायचं.”

“हे कोणी सांगितलं तुला?”

“तुम्हीच करता ना, ताई.”

भैरवी हसली, नाही म्हणाली आणि उठली. मग गाणं लावण्याआधी रोजच्यासारखी खाली वाकली. वर येताना तिची नजर आरशात गेली. तिचा स्वतःचा तळहात तिच्या नाकाशी होता आणि मान जराशी डावीकडे कललेली, अगदी यमुताईंची कलायची तशी. त्या संध्याकाळी ती काय शिकवत होती ते तिचं तिलाच कळलं नाही, आणि वर्ग तिनं लवकर सोडला.

मे महिन्यात नागपुरात दुपारी कोणी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. पण कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या होत्या, म्हणून भैरवी एका रविवारी भर उन्हात हॉल उघडायला आली. खिडकीपाशी गेली आणि थबकली. वास येत होता. जुनाट, कडवट, जिभेच्या मुळाशी बसणारा. तिला ओळखायला वेळ लागला नाही, वऱ्हाड-नागपूरच्या घरात वाढलेल्या कोणालाच लागत नाही. जवसाचं तेल. तिनं खाली बसून जमिनीच्या फळीवर हात फिरवला. फळी कोरडी ठणठणीत होती. हात नाकाशी नेला, आणि आपण काय करतोय हे लक्षात येताच झटकन खाली घेतला. हॉलमध्ये ती एकटी होती, पण एकटं असल्यासारखं वाटत नव्हतं.

दुकानाच्या मागच्या खोलीत रुखमाबाई राहतात. यमुताईंची धाकटी जाऊ, वयानं ऐंशीच्या घरातली. गुडघे गेले आहेत, कान शाबूत आहेत. त्या पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. भैरवीनं विचारलं की काकू, आज स्वयंपाकाला जवसाचं तेल वापरलं का? वरपर्यंत वास येतोय.

रुखमाबाईंचे हात थांबले.

“या घरात जवसाचं तेल येत नाही वं पोरी,” त्या म्हणाल्या. “चटणीसुद्धा होत नाही. यमुनं कधी येऊ देलं नाही.” मग त्यांनी विचारलं, “खिडकीपाशी येते का वास?”

भैरवी खाली जमिनीवरच बसली. तिनं अनिशचं बोलणं सांगितलं, मुलींच्या नमस्काराचं सांगितलं, नाकाचं सांगितलं. रुखमाबाई ऐकत राहिल्या आणि मग हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं.

“तुम्ही सगळ्या तो नमस्कार समजून राहिल्या होत्या?”

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. यमुना लग्न होऊन या घरात आली तेव्हा नाच सुटला होता. पण सुटलेला नाच पायांत राहतो. दुपारी दुकानात गर्दी असली की ती गोदामात जायची, भांड्यांची पोती बाजूला सारायची आणि नाचायची. खाली भांड्यांचा खणखणाट इतका की पावलांचा आवाज कोणाला यायचा नाही. रुखमाबाई तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आलेल्या, त्या जिन्यावर बसून पाहायच्या. मग रेल्वेच्या क्लबात काही कार्यक्रम ठरला आणि त्या गार्डच्या बायकोनं यमुनेला नाचायला बोलावलं. यमुनेनं नवऱ्याला विचारलं. गिरिधर शेठ नाही म्हणाले नाहीत. ते कधी कोणाला नाही म्हणत नसत, आवाज चढवत नसत, बाजारात त्यांच्याइतका सज्जन माणूस नव्हता. हो म्हणाले, बायकोला नवी साडीही आणली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रुखमाबाईंनी त्यांना तेलाची बरणी घेऊन जिना चढताना पाहिलं. दाराच्या बिजागऱ्या करकरत होत्या, त्यांना तेल द्यायला चालले असतील असं त्यांना वाटलं.

“दाराच्या बिजागऱ्या आजही करकरतात,” रुखमाबाई म्हणाल्या. “मी खिडकीपाशी धावत गेली तवा ती नाचता नाचता पडली होती अन् माह्याही पाय घसरला. राखेनं घासली मी ती जमीन, तीनदा घासली. त्यायनंच तिले उचललं, रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. घरी आणल्यावर सहा महिने सोताच्या हातानं पाय चोळून देला. जवसाच्याच तेलानं. अख्खी इतवारी म्हणे, नवरा असावा तर असा.”

भैरवीनं एवढंच विचारलं की यमुताईंना माहीत होतं का.

“तिनं त्याले कधी विचारलं नाही. तो मेला तोवर विचारलं नाही. जमिनीले विचारे.” रुखमाबाईंनी लसणाची पाकळी पुन्हा उचलली. “तिच्याआधी एकदा वर जाऊन कोणी पाहून आलं असतं तर. मी तर जिन्यातच बसली राहत होती.”

भैरवी वर आली आणि खूप रडली. तिला यमुताईंसाठी रडू आलं आणि स्वतःसाठीही. एकोणिसाव्या वर्षी मुंबईच्या त्या चकचकीत हॉलमध्ये ती ज्या तेलाला घाबरली ते तिच्या जन्माआधीच पुसलं गेलं होतं. आणि तिनं ते पुढे वेदिकापर्यंत पोचवलं होतं, मोठ्या भक्तिभावानं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं फर्मान काढलं की नमस्कार बंद. कारण सांगितलं नाही. अशी गोष्ट लहान मुलींच्या कानात घालायची नव्हती, आणि मोठ्यांनाही सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. पालकांची कुरकुर झाली, संस्कार संपले वगैरे. ते तिनं निभावून नेलं असतं. पण मुलींच्या उड्याच बसल्या. आधी घाबरत का होईना, वर जायच्या. आता जागच्या जागी टाच उचलल्यासारखं करायच्या. भूमिका तर धावत यायची आणि ऐन वेळी थांबायची. निवडीला थोडे दिवस राहिले होते आणि पोरगी होती त्याच्याहून मागे गेली होती. भैरवीनं आवाज चढवला, तेव्हा ती खालच्या मानेनं म्हणाली, “ताई, मी काही मुद्दाम नाही करून राहिली. पाहून घेतल्याबिगर मले पाय सोडताच येत नाही.”

भैरवीच्या कानात रुखमाबाईंचं वाक्य घुमत राहिलं, कोणी पाहून आलं असतं तर. मग तिनं ओढणी कमरेला खोचली आणि सगळ्या मुलींदेखत ती गुडघ्यांवर बसली. दारापासून सुरुवात केली. तळहातानं एकेक फळी चाचपत, हात नाकाशी नेत, रांगत रांगत ती अख्ख्या हॉलभर फिरली. दोन मुली फिसकन हसल्या, मग कोणीच हसलं नाही. खिडकीपाशी ती सगळ्यात जास्त वेळ थांबली. वास होता, तिला येत होता. पण हाताला काही लागत नव्हतं.

“जमीन मी पाहिली आहे,” ती उठून म्हणाली. “सगळी कोरडी आहे. यापुढे पाहायचं काम माझं. तुम्ही नुसतं नाचायचं.”

भूमिका धावली. खिडकीकडे कोणी कधी उडी घेत नसे, यमुताईंनी बसवलेले सगळे नाच त्या कोपऱ्याला वळसा घालून जायचे. भूमिका सरळ तिकडे धावली, वर गेली, आणि खाली आली ती पूर्ण आली, पायात काहीही राखून न ठेवता. फळ्या दणाणल्या. खालून दुकानातल्या माणसानं ओरडून विचारलं की वरती काय पडलं. मुली टाळ्या पिटत होत्या आणि भैरवी भिंतीला टेकून उभी होती.

मुंबईत पालकांना आणि गुरूंना दाराबाहेर बसवतात. भूमिकाचा नंबर येण्याआधी भैरवी उठली आणि दारावरच्या बाईला म्हणाली की मुलीची पिन आत पडली आहे. बाईनं नको नको म्हणेपर्यंत ती आत शिरली होती. परीक्षक पाणी पीत होते. कचेरीत साहेबासमोर मोठ्यानं न बोलणारी ही बाई त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि परक्या जमिनीवर तळहात फिरवू लागली, इकडून तिकडे. कोणीतरी वैतागून काही म्हणालं. तिनं हात नाकाशी नेला. मग बाहेर येऊन भूमिकाला सांगितलं, “कोरडी आहे. जा.”

बंद दारातून तिला काही दिसलं नाही. पण आवाज आला. उडीनंतरचा तो एक दणका, निःशंक. तो तिनं ऐकला आणि डोळे मिटून घेतले. भूमिकाची निवड झाली हे संध्याकाळी कळलं, तेव्हा सुशीलला फोनवर हुंदका आवरेना. भैरवीला मात्र ते दुपारीच कळलं होतं.

आता इतवारीतल्या त्या हॉलमध्ये मुली येतात, केस बांधतात आणि थेट बारला उभ्या राहतात. वेदिका तर नमस्कार होता हेही विसरली आहे. कोणीच खाली वाकत नाही. भैरवी कचेरीतून सुटून मुलींच्या आधी येते. करकरणारं दार आतून लावून घेते आणि गुडघ्यांवर बसते. बहुतेक दिवशी तिला फक्त धुळीचा वास येतो. काही दिवशी खिडकीपाशी जवसाचा येतो, आणि त्या दिवशी तिला कळतं की आपल्या मागे कोणीतरी लंगडत येऊन उभं राहिलंय आणि वाट पाहतंय. पहिल्यांदा ती घाबरली होती. आता घाबरत नाही. ती मागे वळून पाहत नाही, फळीवरून पुन्हा एकदा सावकाश हात फिरवते आणि ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगते, “कोरडी आहे, ताई. मी पाहिली.”